बंदुकीचा परवाना आहे, पण नेमाचा पल्ला ठाऊक आहे का?

मी राहायला महापे येथे. महापे म्हटले की तुमच्यापैकी बहुतेकांना शिळफाट्याकडून उतरणारा रस्ता, एमआयडीसीचे कारखाने आणि कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आठवतील. पण ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा झाला त्याआधी इथेही भातखाचरेच होती. त्या जमिनी गेल्या. आमच्या शेजारच्या काकांचीही गेली. मात्र माणूस हाडाचा शेतकरी. त्यांनी पुढे मुरबाड तालुक्यात डोंगराच्या कडेला तीन एकर घेतले आणि आता पावसाळ्यात भात, मागून वाल असे करतात. राहणे महाप्यात, शेती मुरबाडला.

गेल्या दसऱ्याच्या आधी ते माझ्याकडे आले. दाणा दुधात होता तेव्हाच रानडुकरांनी एका रात्रीत खाचराचा कोपरा लोळवून टाकला होता. खाल्ले थोडे, तुडवले जास्त. डुकराचा तो स्वभावच आहे. वडिलांच्या वेळची एकनळी बंदूक घरात आहे, परवाना काकांच्या नावे झालेला आहे. तरी त्यांचा प्रश्न निराळा होता. म्हणाले, "सायेब, रायफलचा लायसन काढून द्या ना मना. रायफल म्हंजे लांबूनच काम होतं. पॉइंट ब्लँक का काय म्हनतान ना, तसा."

या एका वाक्यात तीन गैरसमज आहेत, आणि ते एकट्या काकांचे नाहीत. मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या डोंगरपट्ट्यात फिरताना मला ते पारावर, पोलीस पाटलांच्या ओसरीवर, अगदी ग्रामसभेतसुद्धा ऐकू येतात. म्हणून या आठवड्यात खत-बियाणे बाजूला ठेवून बंदुकीविषयी लिहितो. विषय माझ्या खात्याचा नाही हे मान्य. पण पीक वाचवण्याची गोष्ट आहे, आणि एन.सी.सी.त असताना .२२ च्या रायफलीने थोडीफार नेमबाजी केलेली आहे. बाकीचे मला मुरबाडकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी शिकवले.

आधी कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी म्हणून जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअरची काडतुसाची, मिळू शकते. रायफल त्यात बसत नाही. रायफलीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी गरगरत, भोवऱ्यासारखी स्थिर होऊन जाते आणि लांब जाते. शेतावर राखण करणाऱ्याच्या हाती ही वस्तू द्यायची नाही असे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ठरवले होते. मला विचाराल तर त्यांनी बरोबर केले, का ते पुढे येईलच.

दुसरे असे की बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वन खात्याची लेखी परवानगी घेऊन रानडुक्कर किंवा रोही मारता येते, आणि आपल्या राज्यात २०१५ च्या शासन निर्णयाने त्याची पद्धत घालून दिली आहे. अर्ज वनक्षेत्रपालाकडे करायचा. बिहार, उत्तराखंड, हिमाचल या राज्यांत केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये काही प्राणी ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून जाहीर केले होते, त्याच्या बातम्या वाचून आपल्याकडेही "डुक्कर आता मोकळे झाले" असे लोक समजले. तसे काही झालेले नाही. परवानगीने मारलेले जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता असते, ते वाटून घ्यायचे नसते. हे लिहिताना काही वाचक हसतील हे मला ठाऊक आहे. तरी लिहिले.

आता पॉइंट ब्लँकचे. मुंबईच्या टोळीयुद्धाच्या बातम्यांमुळे हा शब्द घराघरांत गेला. "पॉइंट ब्लँक गोळी घातली" म्हणजे छातीला नळी लावून, असा आपला समज झाला. पण नेमबाजीच्या हिशेबात त्याचा अर्थ तसा नाही. ज्या अंतरापर्यंत नेम वर-खाली न करता, जिथे मारायचे तिथेच नेम धरून गोळी लागते, तो तुमच्या बंदुकीचा पॉइंट ब्लँक पल्ला. मराठीत आपण त्याला सरळ नेमाचा पल्ला म्हणू. तो दहा मीटरही असू शकतो आणि दोनशेही. बंदूक कोणती, काडतूस कोणते आणि कशावर मारायचे यावर ते ठरते.

हे नीट समजायला गोळी कशी जाते ते पाहावे लागेल. पुष्कळांना वाटते की गोळी सुतासारखी सरळ जाते आणि लांब गेल्यावर दमून खाली पडते. तसे नसते. झाडावरचा आंबा देठातून सुटला की त्या क्षणी पडू लागतो, तशीच गोळी नळीतून सुटली की त्या क्षणी पडू लागते. फक्त ती वेगात असल्यामुळे पडता पडता बरीच पुढे गेलेली असते. एचटीपी पंपाने आंब्यावर फवारणी करताना तुम्ही काय करता? शेंड्यावर धार पोहोचायला नळी शेंड्याच्या जरा वर धरता. धार वर चढते, वाकते आणि शेंड्यावर उतरते. रायफलीचेही तेच. तिच्या नळीवर जी नेमाची खाच आणि माशी असते ती अशी बसवतात की तुमची नजर सरळ जाते आणि नळीचे तोंड मात्र केसभर वर राहते. गोळी नजरेच्या रेषेच्या खालून निघते, थोड्या अंतरावर ती रेषा ओलांडून वर जाते, वरून चालत राहते आणि पुढे कुठेतरी पुन्हा रेषेवर उतरते. ती जिथे दुसऱ्यांदा उतरते त्या अंतराला रायफल "झिरो" केली असे पोलीस आणि लष्करातले लोक म्हणतात.

रानडुकराच्या मर्माची जागा, म्हणजे काळीज आणि फुप्फुसाचा भाग, साधारण पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळाएवढी धरतात. चहाच्या बशीएवढी म्हणा. बशीच्या मधोमध नेम धरला तर गोळी साडेसात सेंटिमीटर वर गेली तरी बशीतच लागते, आणि तितकीच खाली गेली तरी बशीतच. तेव्हा रायफल अशा अंतरावर झिरो करायची की वाटेत गोळी साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त वर चढणार नाही. मग पुढे ती रेषेच्या खाली साडेसात सेंटिमीटर उतरेपर्यंतचे सगळे अंतर तुमचे. त्यात अंतराचा विचार करायला नको, नेम वर घ्यायला नको.

आपल्या देशात .३१५ ची रायफल पूर्वीपासून परवान्यावर मिळते, इछापूरच्या कारखान्यात ती बनत आली. तिची गोळी सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने सुटते. या वेगाचा हिशेब मांडला तर ती साधारण १४५ मीटरला झिरो करावी लागते. म्हणजे २५ मीटरवर गोळी नेमाच्या अडीच सेंटिमीटर वर लागेल, ५० मीटरवर सहा, ८० च्या आसपास साडेसात, १०० मीटरवर सात, १४५ ला बरोबर नेमावर आणि १६५-१७० मीटरला साडेसात खाली. हा झाला तिचा सरळ नेमाचा पल्ला. कागदावर.

कागदावर म्हणतो याचे कारण हा हिशेब धरून चालतो की रायफल एका भोकात गोळ्या घालते आणि माणूस हलत नाही. तसे नसते. रायफल आणि माणूस मिळून शंभर मीटरवर तीन गोळ्या दहा सेंटिमीटरच्या घेरात घालत असतील, तर बशीतली सवलत बरीचशी त्यातच संपली. मग पल्लाही खाली आला. आणि उघड्या माशीने, रात्री, टॉर्चच्या उजेडात दीडशे मीटरवर डुक्कर आहे की गाढव हेच कोणाला दिसते? काकांना मी हेच विचारले. तुमच्या खाचराची लांबी किती? म्हणाले, चार-पाच साखळ्या. तलाठी आणि मोजणीवाले जाणतात, एक साखळी तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर. पन्नास मीटरच्या खाचरावर राखण करायला पावणेदोनशे मीटरची रायफल घेऊन करायचे काय?

उलट नुकसानच. न लागलेली गोळी कुठे जाते याचा विचार आपण करत नाही. रायफलीची गोळी नळीचे तोंड वर असताना सुटली, वाटेत काही आले नाही, तर तीन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आमच्या महाप्याच्या पाठीशी पारसिकचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरून खाली पाहिले की कारखान्यांच्या शेड, रस्ता, पलीकडे घणसोली-कोपरखैरणेची वस्ती. सगळे त्या तीन किलोमीटरच्या आत नाहीतर काठावर. मुरबाडकडेही आता प्रत्येक टेकडीआड फार्महाऊस आणि प्लॉटिंग झाले आहे. गोळीच्या मागे मातीचा बांध किंवा डोंगराची छाती नसेल तर ती गोळी कोणाच्या अंगणात पडेल ते देवालाच ठाऊक. कायद्याने शेतकऱ्याला गुळगुळीत नळी दिली ती बरोबर दिली असे मी वर म्हटले ते या कारणाने.

मग गुळगुळीत नळीचा सरळ नेमाचा पल्ला किती? इथे हिशेबाची तऱ्हा बदलते. बारा बोअरमधून एकच गोळी सोडली, वेग सेकंदाला चारशे मीटर धरला आणि नळी आडवी धरली, तर तीन साखळ्यांवर ती सव्वातीन सेंटिमीटर पडलेली असते आणि पाच साखळ्यांवर दहा. तीन साखळ्यांपर्यंत हे पडणे मनावर घेण्यासारखे नाही. खरी अडचण पडण्याची नाही, फाकण्याची आहे. नळीत आटे नाहीत, गोळी स्थिर होत नाही. एक डावीकडे जाईल, दुसरी वर. बहुतेक बंदुकांवर मागची खाच नसते, पुढे नुसता एक मणी असतो, त्यामुळे गाल दस्त्यावर कमी-जास्त टेकला तरी नेम बदलतो. छर्ऱ्यांचे तर विचारूच नका. एल.जी., एस.जी. हे मोठे छर्रे दर मीटरला अडीच सेंटिमीटर पसरतात असा ढोबळ आडाखा आहे. म्हणजे तीन साखळ्यांवर पाऊण मीटरचा घेर. त्या घेरात मोजके आठ-नऊ छर्रे. बशीत किती पडतील? एखादा, नशीब असेल तर दोन. बाकीचे पोटात, मांडीत.

थोडक्यात रायफलीचा पल्ला गोळीच्या पडण्यावरून ठरतो आणि आपल्या बंदुकीचा पल्ला तिच्या फाकण्यावरून. पडणे पुस्तकातून काढता येते. फाकणे प्रत्येक नळीचे वेगळे असते आणि ते गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. सगळी मेख इथे आहे.

काकांच्या बंदुकीचेच घ्या. दोन वर्षांपूर्वी रीतसर परवानगी घेऊन त्यांनी तिने एका डुकरावर बार टाकला होता. अंतर त्यांच्या सांगण्याप्रमाणे चाळीस पावले. डुक्कर बसले, उठले आणि करवंदीच्या जाळीत गेले. सकाळी रक्त सापडले, डुक्कर सापडले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच जाळीजवळ गुरे चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईवर ते धावून आले. मांडी फाटली, टाके पडले, जीव वाचला. काका आजही सांगतात की नेम बरोबर होता. आणि तो खरोखरच बरोबर होता. पुढे सुभेदारांच्या खटपटीने परवानगी मिळून पोलिसांच्या गोळीबार मैदानावर ती बंदूक आम्ही वाळूच्या पोत्यावर टेकवून झाडून पाहिली. तीन साखळ्यांवर पाचही गोळ्या नेमाच्या डावीकडे, जवळजवळ एक वीत, आणि आपापसात पसरलेल्या. नळीवरचा मणी कधीतरी पडझडीत वाकला होता. किती वर्षे वाकलेला होता कोण जाणे. दर खंडेनवमीला त्या बंदुकीला झेंडूची माळ मात्र चुकली नव्हती.

त्या दिवशी आम्ही जे केले ते सांगतो. जुन्या वर्तमानपत्रावर बशी ठेवून कोळशाने वर्तुळ काढले. दोन साखळ्यांवर लावले. सुभेदारांनी एकेक गोळीनंतर कागदाकडे पळू दिले नाही. म्हणाले, एका गोळीवरून काही कळत नाही, पाच झाडा आणि त्या पाचांचा मध्य कुठे येतो ते बघा. मणी सरळ करून घेतल्यावर दोन साखळ्यांवर पाचपैकी पाच बशीत. अडीचवर चार. तीनवर तीन. "बस," सुभेदार म्हणाले, "तुमचा पल्ला दोन साखळ्या. अडीचला मोह आवरायचा." काकांचे तोंड उतरले. त्यांचा पिढ्यांचा समज होता की ही बंदूक शंभर पावलांवर डुक्कर पाडते.

ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे, आणि जुन्या घराण्यांत अशा आहेत, त्यांनाही पाचाच्या मध्याचा हा नियम लागूच. मागची खाच ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी सरकते, पुढची माशी मात्र उलट. डावीकडे जाणारी गोळी उजवीकडे आणायची तर खाच उजवीकडे किंवा माशी डावीकडे. हे काम दुकानातल्या जाणकाराकडून करून घ्यावे, हातोडीने घरी करू नये. काडतुसाची खेप बदलली तर झिरो बदलतो. आणि आपल्या कोकणपट्टीच्या हवेत आणखी एक गोष्ट होते. पावसाळ्यात लाकडी दस्ता ओल धरून फुगतो, नळीवर दाब येतो आणि वैशाखात बरोबर असलेली रायफल भाद्रपदात भलतीकडे मारते. नेमकी पिकाच्या राखणीच्या दिवसांत.

ठासणीवाल्यांसाठी एकच सांगणे. दारूचे माप ठरलेले हवे, अंदाजपंचे नको. आज चिमूटभर जास्त, उद्या कमी, तर नेम लागेल कसा? आणि आधीचा बार भरलेला आहे का हे गज घालून पाहिल्याशिवाय दुसरा भरू नये. दोन बार एकावर एक भरून नळी फुटल्याची गोष्ट प्रत्येक खोऱ्यात एक तरी आहे.

डुकराच्या अंगाविषयीही थोडे. डुकराचे काळीज छातीत फार खाली असते, पुढच्या पायाच्या कोपराच्या जरा वर. पाठीवरचे राठ केस उभे राहिले की जनावर आहे त्यापेक्षा उंच दिसते आणि माणूस अंगाच्या मधोमध नेम धरतो. मध म्हणून धरलेला नेम खरे तर वर असतो. त्यात लांबच्या पल्ल्यासाठी झिरो केलेली रायफल पन्नास मीटरवर आणखी सहा सेंटिमीटर वर मारते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. जनावर जखमी होऊन जाते. पिकाचे नुकसान पंचनाम्यात लिहून घेता येते, जाळीत बसलेल्या जखमी डुकराचे काय लिहिणार?

पण याहून वाईट गोष्टी घडल्या आहेत. २०२५ च्या जानेवारी अखेरीस शेजारच्या पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या चोरट्या शिकारीला गेलेल्या माणसांपैकी एकाने डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. माणूस मेला, आणि भीतीने बाकीच्यांनी प्रेत लपवले. यात नेम चुकला नव्हता, नजर चुकली होती. सरळ नेमाचा पल्ला कितीही असो, समोर काय आहे हे ज्या अंतरावर डोळ्यांना स्वच्छ दिसते तो तुमचा खरा पल्ला. नुसती हालचाल आणि खुडबुड यांवर चाप ओढणारा माणूस बंदूक बाळगायला लायक नाही, मग तो गावचा कोणीही असो.

आता शासनाकडे वळतो, कारण सगळा दोष शेतकऱ्याच्या पदरात घालणे बरे नाही. परवानगी देण्याची पद्धत २०१५ पासून आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याने सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे अशी तरतूद आली, तीही चांगली. परंतु ज्याच्या हाती डुक्कर मारण्याची परवानगी देता, त्याची बंदूक नेमावर लागते का, हे कोणी पाहायचे? वन खाते अर्ज पाहते, पोलीस परवान्याची मुदत पाहतात, कृषी खाते नुकसान पाहते. बंदूक कोणीच पाहत नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे शेतकरी एकेक काडतूस जपतो. नेम तपासण्यात पाच घालवणे त्याला उधळपट्टी वाटते. आणि तपासायचे कुठे? नेमबाजीची मैदाने वरळीला, बालेवाडीला. मुरबाडच्या शेतकऱ्याने बंदूक घेऊन एसटीने वरळीला जावे काय?

त्यातच निवडणुका. २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. आपल्याकडे भात पिकण्याचे आणि कापणीचे हेच दिवस. कोणाची बंदूक जमा करायची हे जिल्ह्याच्या छाननी समितीने माणूस बघून ठरवायचे असते. पण वरून निरोप खाली येईपर्यंत "सगळ्यांनी जमा करा" असे त्याचे रूप होते, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. ठाण्याच्या कोठीत बंदुका एकावर एक रचल्या जातात आणि परत येताना कोणाचा मणी वाकला, कोणाची माशी सरकली, याची नोंद होत नाही. परत आलेली बंदूक तपासल्याशिवाय वापरू नये हे पोलीस पाटलांनी लोकांना आवर्जून सांगावे.

केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यांनी स्थानिक पंचायतींच्या प्रमुखांकडे दिला आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडून काम करून घेण्याची पद्धत ठेवली. ज्याच्या शेतात डुक्कर त्यानेच मारावे असा आग्रह नाही. मला हे पटते. आपल्याकडे २०१६ साली विदर्भात बाहेरून शिकारी बोलावले तेव्हा दिल्लीपर्यंत वाद गेला, तेव्हा नाव नको म्हणणारे आहेत. पण तालुक्यातल्याच चार-पाच माजी सैनिकांना आणि ज्यांची बंदूक तपासलेली आहे अशा शेतकऱ्यांना नेमले तर बाहेरचा कोणी लागणार नाही. आणि भाद्रपदात, पीक निसवायच्या आधी, प्रत्येक तालुक्याने पोलीस मैदानावर एक दिवस ठेवावा. परवानाधारकाने बंदूक आणावी, तपासणीची दहा काडतुसे त्याच्या वार्षिक कोट्याबाहेर धरावीत, आणि दोन साखळ्यांवर पाचपैकी पाच बशीत घातल्याचा शेरा असेल त्यालाच वन खात्याने त्या हंगामाची परवानगी द्यावी. तहसीलदार, पोलीस निरीक्षक आणि वनक्षेत्रपाल एका टेबलाशी बसले तर यात अशक्य काही नाही. ग्रामसभेने तसा ठराव करून पाठवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याचा स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्या स्पर्धेत गुणांच्या गोळ्या सुरू होण्याआधी खेळाडूंना चाचणीच्या गोळ्या झाडायला वेळ देतात. रोज सराव करणारा, जगातली उत्तम रायफल हाती असलेला माणूससुद्धा त्या दिवशी आधी आपली रायफल कुठे मारते ते पाहून घेतो. आणि आपण वर्षभर खुंटीला टांगलेली बंदूक काढतो, फुंकर मारतो आणि अंधारात निघतो.

एक सूचना राहिली. वीजप्रवाह सोडलेली तार आणि गावठी बॉम्ब यांच्या वाटेला कोणी जाऊ नये. दोन्ही बेकायदा आहेत आणि डुकराआधी शेजाऱ्याचे पोर किंवा स्वतःचा बैल त्यात सापडतो. बंदूक नसेल त्याने सौर कुंपण, चर, राखणीचा कुत्रा, गटाने रात्रपाळी, यांवर भर द्यावा. त्याविषयी पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहीन.

काकांनी रायफलचा नाद सोडला. माळ्यापासून तिन्ही बाजूंना साखळी धरून त्यांनी वीस मीटरवर चुना फासलेले दगड रोवले आहेत, चांदण्यात ते बरे दिसतात. चौथ्या बाजूला रस्ता आणि पाडा आहे, तिकडे बार टाकायचा नाही असे ठरले. या हंगामात डुकरे पाच वेळा आली. चार वेळा दगडांच्या पलीकडेच राहिली तेव्हा काकांनी पत्र्याचा डबा वाजवून हाकलली. पाचव्या वेळी एक दगडाच्या अलीकडे आले, पण त्याच्या मागे पिलांची रांग होती. काका म्हणाले, "सायेब, हात नाय उठला." पीक तेवढ्यापुरते वाचले आहे. पुढच्या वर्षीच्या परवानगीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून परवाच लिहिला.